'किती म्हणजे अति?' मतदारसंघांची आखणी आणि अमेरिकेतली न्यायालये

मोजपट्टी
२७ जून २०१९ ला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 'रुचो विरुद्ध कॉमन कॉज' खटल्यात ५-४ ने हात झटकले. पक्षाच्या फायद्यासाठी आखलेले मतदारसंघ म्हणजे राजकीय प्रश्न, 'किती म्हणजे अति' हे ठरवायला निकष नाही, सबब केंद्रीय न्यायालये त्यात पडणार नाहीत. मला हे पटत नाही, मोजमाप समोरच होतं.

युक्ती साधी आहे. ५० मतदार, १०-१० चे ५ मतदारसंघ. 'अ'कडे २० मतं, 'ब'कडे ३०. 'ब'चे लोक दोन मतदारसंघांत कोंबा (९-१, ९-१), उरलेले तिघांत फोडा (प्रत्येकी ४, 'अ'ची ६). ४० टक्के मतांवर 'अ'च्या ३ जागा!

नॉर्थ कॅरोलायना राज्यात २०१६ मध्ये अमेरिकी संसदेच्या जागांसाठी हेच झालं (तिथे मतदारसंघ राज्याचं विधिमंडळच आखतं). १० रिपब्लिकन आणि ३ डेमोक्रॅट हा हिशोब आखणीच्या निकषांतच लिहिला होता, आणि रिपब्लिकनांच्या ५३ टक्के मतांवर तो तंतोतंत उतरला. ग्रीन्सबरोतल्या कृष्णवर्णीयांच्या विद्यापीठाच्या आवारातूनच सीमारेषा गेली. खटल्यात तज्ज्ञाने पक्ष न बघता संगणकावर ३,००० नकाशे काढले. एकातही १०-३ आलं नाही. आणखी कसला निकष हवा?

उलटतपासणी
३,००० पैकी शून्य आले म्हणून सोपं वाटतं. १०० आले असते तर? २०० आले तर? ती रेघ न्यायाधीशाने कुठल्या कलमावरून ओढायची? नेमकी हीच अडचण रुचोत बहुमतातल्या न्यायाधीशांनी मांडली होती.

त्याच राज्यात पुढे काय झालं ते बघा. फेब्रुवारी २०२२ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने (तिथे प्रत्येक राज्याला स्वतःची राज्यघटना आणि सर्वोच्च न्यायालय असतं) नवा नकाशा ४-३ ने रद्द केला. न्यायालयाच्या देखरेखीखाली आखणी झाली आणि जागा आल्या ७-७. नोव्हेंबरात न्यायाधीशांचीच निवडणूक झाली (हो, तिथे न्यायाधीश मतदानाने येतात), बहुमत फिरलं, आणि एप्रिल २०२३ मध्ये त्याच न्यायालयाने आपलाच निकाल ५-२ ने फिरवला. २०२४ ला जागा १०-४. राज्यघटना तीच, फक्त न्यायाधीश बदलले.

मोजपट्टी
हा दोष न्यायाधीश निवडून आणण्याचा. तसं तर पेनसिल्व्हेनियात २०१८ मध्ये राज्याच्या न्यायालयाने नकाशा बदलला आणि १३-५ चं थेट ९-९ झालं. तिथले न्यायाधीशही निवडूनच येतात, पण निकाल टिकला.

काठावरचा
दोघेही भूगोल विसरताय. विस्कॉन्सिनमध्ये २०१८ ला डेमोक्रॅटांना विधानसभेची सुमारे ५३ टक्के मतं आणि ९९ पैकी ३६ जागा मिळाल्या. यात नकाशाची लबाडी होतीच. पण मिलवॉकी आणि मॅडिसन या शहरांत त्यांची मतं एकगठ्ठा पडतात, म्हणजे निम्मं कोंबण्याचं काम मतदार स्वतःच करतात. डिसेंबर २०२३ मध्ये तो नकाशा पडला, पण पक्षीय लबाडीवरून नाही, मतदारसंघ सलग नाहीत या मुद्द्यावर: काहींचे तुकडे चक्क दुसऱ्याच्या हद्दीत! नव्या नकाशावर २०२४ ला ५४-४५ आलं, तेही रिपब्लिकनांच्याच बाजूने. त्यामुळे मतांची टक्केवारी आणि जागा यांची नुसती वजाबाकी पुरावा ठरत नाही. त्याच भूगोलावर काढलेल्या हजारो नकाशांशीच तुलना हवी.

उलटतपासणी
आखणी वंश बघून केली या मुद्द्यावर आजही केंद्रीय न्यायालयात दाद मागता येते, म्हणून वकील तिकडे धावतात. पण साउथ कॅरोलायनाच्या खटल्यातल्या अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या २०२४ च्या निकालाने तीही वाट अरुंद केली. विधिमंडळ म्हणतं, 'आम्ही वंश नाही, पक्ष बघितला,' आणि ते कायद्याने चालतं! उलट वादीने असा पर्यायी नकाशा आणायचा, ज्यात पक्षाचा फायदा तेवढाच राहील पण वांशिक तोल सुधारेल. तो नसला की न्यायालय वादीच्याच विरुद्ध अनुमान काढतं.

मोजपट्टी
म्हणजे रुचोने दिलेली मोकळीकच आता ढाल झाली. माझ्या मुद्द्याला तुम्हीच पुरावा जोडलात. स्वतंत्र आयोग हाच मार्ग उरतो. मिशिगनमध्ये १३ जण आहेत: ४-४ दोन्ही पक्षांचे, ५ बिनपक्षाचे.

उलटतपासणी
कॅलिफोर्नियातही आयोग होता. २०२५ मध्ये टेक्सासने दहा वर्षांची मुदत संपण्याआधीच नकाशा बदलला, त्याला उत्तर म्हणून नोव्हेंबरात कॅलिफोर्नियाच्या मतदारांनीच आयोगाचा नकाशा २०३० पर्यंत बाजूला ठेवला.