हरीण आडवं आलं तर ब्रेक की कट?

आडवाट
काल दिवेलागणीला घरी परतत होतो. दोन्ही बाजूंना झाडी, रस्ता मोकळा, गाडी ८० च्या आसपास. डावीकडून एक हरीण रस्त्यावर आलं. मी ब्रेक मारला, ते पलीकडे निघून गेलं. सुटलो म्हणून ॲक्सिलरेटर पिळला आणि त्याच जागेवरून दुसरं आलं. इतक्या जवळून गेलं, की त्याच्या कानातले पांढरे केस दिसले. मी कट मारला, मागचं चाक कडेच्या खडीवर सरकलं, कशीबशी गाडी सावरली. रात्रभर डोळा लागला नाही.

रोज हीच वाट, हीच वेळ, दोन्ही बदलता येत नाहीत. कट मारून वाचलो, मग पुढच्या वेळीही तेच करू का? आणि हॅन्डलला लावायच्या शिट्ट्या मिळतात, त्यांचा उपयोग होतो का?

जुना_क्लच
सुखरूप आहात, हे सगळ्यात महत्त्वाचं. माझी चार वर्षांपूर्वी धडकच झाली. कॉलरबोन मोडलं, तीन महिने गाडीला हात लावता आला नाही. तेव्हापासून या विषयावर मी जरा आग्रहाने बोलतो, राग मानू नका.

तुमच्या कटमुळे तुम्ही वाचलात असं मला वाटत नाही. हरीण धावतं होतं, म्हणून ते निघून गेलं. ते मध्येच थबकलं असतं तर? डांबरावर त्यांची खुरं सरकतात, अर्ध्या रस्त्यातून ती गर्रकन मागे वळतात. तुम्ही ज्या बाजूला कट माराल, त्याच बाजूला ते येणार नाही हे कोणी सांगावं! शिवाय गाडी तिरकी झाली की टायरची पकड वळण्यात खर्ची पडते, ब्रेकच्या वाट्याला फार थोडी उरते. म्हणून गाडी सरळ ठेवा आणि जमेल तेवढा वेग उतरवा. जागा भरपूर असेल आणि वेग आधीच उतरला असेल, तरच जनावराच्या मागच्या बाजूने काढा.

पुढचा ब्रेक झटक्यात आवळू नका. आधी हलका दाबा, गाडीचं वजन पुढच्या चाकावर येऊ द्या, मग दाब वाढवत न्या. एबीएस (चाक जाम होऊ न देणारा ब्रेक) असेल तर लिव्हर थरथरलं तरी सोडू नका. हे वाचून येत नाही. मोकळ्या मैदानात ४० वरून सुरुवात करून पन्नास वेळा करा. मी हाड सांधल्यावर केलं, तुम्ही आत्ताच करा.

पण खरी गोष्ट वेगाची आहे. ८० ला गाडी सेकंदाला २२ मीटर जाते. दिसलं, कळलं, बोटं ब्रेकवर गेली, यात दीड सेकंद धरा: ३३ मीटर गेले. मग कोरड्या रस्त्यावर चांगला ब्रेक मारूनही साधारण ३५ मीटर लागतात. झाले ६८. डिपरचा कामाचा उजेड बहुतेक गाड्यांना ५० मीटरच्या आसपास. म्हणजे जनावर दिसलं तेव्हाच उशीर झालेला असतो. तोच हिशोब ६० ला केला तर २५ अधिक २०, एकूण ४५ मीटर. अंधारात झाडीच्या टप्प्यात मी ५५ च्या वर जात नाही, मागून कोणी कितीही हॉर्न मारो. आणि दोन बोटं कायम ब्रेकवर. त्याने अर्धा सेकंद जरी वाचला, तरी ६० ला आठ मीटर हातात येतात.

पहिलं हरीण गेलं की दुसरं येणार, हे धरूनच चाला. ती कळपाने फिरतात आणि मागचं पुढच्याच्या पाठोपाठ उडी घेतं, रस्ता बघत नाही. माजाच्या दिवसांत तर नर मादीच्या मागे आंधळा झालेला असतो.

शिट्ट्यांवर पैसे घालू नका. चाचण्यांत त्यांचा परिणाम दिसलेला नाही, आणि शिट्टी लावली की मन उगाच निर्धास्त होतं, ते जास्त वाईट.

पहाटपाळी
मी रोज उजाडायच्या आधी निघते. पहाट आणि संध्याकाळ, दोन्ही त्यांच्या चरायच्या वेळा. समोरून कोणी नसेल तर अप्पर लावते. डोळे चमकतात हे खरं, पण तोंड आपल्याकडे असेल तरच. आडवं उभं असेल तर काहीच चमकत नाही. मग मी झाडीत आडवी रेघ शोधते. खोडं उभी असतात. कमरेएवढ्या उंचीवर आडवं काही दिसलं, की ती बहुतेक वेळा पाठ असते. अशी दोनदा वेळेत दिसली आहे. हेल्मेटची काच मात्र ओरखडे पडलेली नको, समोरचा उजेड त्यावर पसरतो आणि कडेचं सगळं पुसलं जातं.

रस्त्यात थबकून दिव्याकडे बघत राहिलं, तर डिपर करून थांबते आणि त्याला जाऊ देते. उजेडाने त्याचे डोळे दिपलेले असतात, त्याला पुढची वाटच दिसत नसते.

आडवाट
दोघांचेही मनापासून आभार. ६८ चा आकडा वाचून पोटात गोळा आला, कारण त्या रस्त्यावर मी कधी कधी ९० नेही गेलोय.

आज ५५ ने आलो. आठ मिनिटं जास्त लागली. कालच्याच जागेच्या थोडं अलीकडे ती आडवी रेघ दिसली, मी थांबलो. एक गेलं, मी थांबूनच राहिलो. मग आणखी दोन गेली, शेवटचं पिल्लू होतं.

एक राहिलं: शनिवारी बायको मागे असते. तेव्हा ब्रेकचं अंतर किती धरू?

जुना_क्लच
आकडा देत नाही, तुमच्या गाडीवर अवलंबून आहे. त्यांना सोबत घेऊनच मैदानात जा आणि मोजा. ब्रेक मारताना त्या पुढे ढकलल्या जातील आणि सगळा भार तुमच्या मनगटांवर येईल, म्हणून गुडघ्यांनी टाकी घट्ट धरा आणि त्यांना एक हात टाकीवर टेकवायला सांगा. तोपर्यंत शनिवारी वेग ४५.