गेमला सँडबॉक्सचं, म्हणजे बाकी पीसीपासून वेगळं ठेवणाऱ्या चौकटीचं, कुलूप हवं का? मॉड, म्हणजे बाहेरच्यांनी केलेले गेममधले बदल, वापरणाऱ्यांनी काय करायचं?

टिळकवाडीकर: विकत घेतलेल्या गेमच्या फोल्डरवर ताबा गिऱ्हाइकाचाच हवा. 2016 मधले मायक्रोसॉफ्ट स्टोअरचे यूडब्ल्यूपी (बंदिस्त ॲपच्या रूपातले) गेम आठवा. गेम जिथे बसतात तो विंडोजॲप्स फोल्डर कुलूपबंद, ओव्हरले (गेमवर दिसणारी दुसऱ्या प्रोग्रामची पट्टी) नाही, सुरुवातीला व्ही-सिंक (फ्रेमचा वेग स्क्रीनशी बांधणारी सेटिंग) सुद्धा बंद करता येत नव्हतं. स्कायरिम गेमचं एसकेएसई (अनेक मॉडना लागणारं साधन) गेमच्या प्रोसेसमध्ये, म्हणजे चालू गेममध्ये, डीएलएल (कोडची फाइल) घालूनच चालतं. ते अडवलं की त्यावर उभे असलेले सगळे मॉड गेले.

निपाणीकर: धोका खरा आहे की ओ! जून 2023 मध्ये फ्रॅक्चरायझर हा मालवेअर माइनक्राफ्टच्या मॉडमधून पसरला, तोही कर्सफोर्जसारख्या मॉडच्या नावाजलेल्या साइटवरून. ब्राउझरच्या कुकीज चोरायचा, मशीनवरच्या इतर जार (जावा प्रोग्रामच्या) फाइलींत शिरायचा. आपल्याकडे दुकानाची टॅली, जीएसटीचं लॉगिन आणि पोराचा गेम एकाच पीसीवर. मॉडची डीएलएल तुमच्या खात्याच्या सगळ्या परवानग्या घेऊन चालते. थोडे मॉड गेले तरी चालेल, भिंत हवीच.

टिळकवाडीकर: भिंत असू दे, किल्ली आपल्याकडे हवी. मॉड ऑर्गनायझर 2 हा मॉड लावायचा प्रोग्राम व्हर्च्युअल फाइल सिस्टिमच वापरतो, म्हणजे मॉडच्या फाइली वेगळ्या ठेवून गेमला फक्त दाखवतो, मूळ डेटा फोल्डरला हात लावत नाही. गेम मात्र त्याच्यातूनच सुरू करायचा, थेट स्टीमवरून केला तर मॉड दिसत नाहीत.

निपाणीकर: तो फाइली वेगळ्या ठेवतो, प्रोसेसला अडवत नाही. याला सुरक्षा म्हणू नका.

खानापूरकर: निपाणीकरांचं हे बरोबर. पण विंडोज सँडबॉक्स (विंडोजमधलंच तात्पुरतं वेगळं विंडोज) होम आवृत्तीत मिळत नाही, आणि प्रोमध्येही खिडकी बंद केली की आतलं सगळं पुसतं, सेव्हसकट. अनोळखी इन्स्टॉलर तपासायला तो ठीक. पूर्ण व्हीएम (पीसीच्या आतला आभासी पीसी) घेतली तर व्हॅनगार्डसारखे अँटी-चीट (फसवेगिरी रोखणारे प्रोग्राम) गेम चालूच देत नाहीत.

होमवरही जमणारा उपाय: गेमसाठी वेगळं स्टँडर्ड (ॲडमिन नसलेलं) विंडोज खातं काढा, ॲडमिनला पासवर्ड ठेवा. त्या खात्यातल्या मॉडला तुमच्या प्रोफाइलमधल्या कुकीज वाचता येत नाहीत. चूक होते ती डी ड्राइव्हवर. तिथे नव्या फोल्डरला सहसा सगळ्याच खात्यांची लिहायची परवानगी असते. टॅलीच्या फोल्डरवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, सिक्युरिटी, ॲडव्हान्स्ड; आधी इनहेरिटन्स (वरून आपोआप येणाऱ्या परवानग्या) बंद करा, मग ‘ऑथेंटिकेटेड यूजर्स’ आणि ‘यूजर्स’ काढा, स्वतःचं खातं यादीत नसेल तर पूर्ण परवानगी देऊन जोडा. आणि मॉड घातलेला गेम मुख्य खात्यातून कधीच उघडू नका, नाहीतर तीच डीएलएल तुमच्या परवानग्यांवर चालेल.

निपाणीकर: तरी त्या खात्यातलं डिस्कॉर्ड, स्टीम उघडंच राहिलं. माझं मत कायम: स्टोअरनं गेम कुलूप लावूनच द्यावा, ज्याला मॉड हवेत त्यानं स्वतः उघडावं.

टिळकवाडीकर: उघडायची सोय असेल तर माझी हरकत नाही. यूडब्ल्यूपीत तीच नव्हती.