एम ५१ दीर्घिकेच्या फोटोत तिरक्या रेघा आणि लांबट तारे, ध्रुव दिसत नाही – मदत हवी आहे

मंडळी, दीर्घिकांचे फोटो काढणारं इथे कोणी असेल तर जरा लक्ष द्या.

माझ्याकडे सहा इंची न्यूटोनियन (आरशाची दुर्बीण) आहे, एफ/५, म्हणजे फोकल लेंथ ७५० मिमी. माउंट ईक्यू५, मोटर फक्त आरएला (ताऱ्यांबरोबर पूर्व-पश्चिम फिरणारा अक्ष), गाइडिंग (ताऱ्यावर नजर ठेवून माउंट आपोआप दुरुस्त करणं) वगैरे काही नाही. कॅमेरा कॅननचा जुना १८ मेगापिक्सेलवाला डीएसएलआर, मॉडिफाय न केलेला (आतला लाल रंग अडवणारा फिल्टर तसाच). चंद्र, शनी, मृगातला तेजोमेघ हे सगळं करून झालंय, पण दीर्घिका म्हटलं की गाडी अडते. देवयानी बऱ्यापैकी आली, पण ती काय, २५ लाख प्रकाशवर्षं, शेजारीणच म्हणायची. आता मागे लागलोय एम ५१ च्या. श्यामशबलमधली भोवरा दीर्घिका, सप्तर्षींच्या शेपटीच्या टोकाला जो मरीची आहे त्याच्यापासून साधारण साडेतीन अंशांवर, अंतर दोन-तीन कोटी प्रकाशवर्षं. लॉर्ड रॉसने १८४५ मध्ये ७२ इंची आरशातून नुसत्या डोळ्यांनी बघून तिच्या सर्पिल भुजा कागदावर काढल्या आणि इथे सेन्सर, स्टॅकिंग (अनेक फ्रेम एकावर एक रचणं), सगळा सरंजाम असून आपल्याला भुजा म्हणून धूर मिळतोय, हे काही पटत नाही बुवा.

जागा भोरच्या पुढे एका गावात, मामांच्या शेतावर. आकाश पुण्याच्या मानाने झकास, पण उत्तरेला क्षितिजावर पुण्याचा उजेड आणि त्याच्या अलीकडे डोंगर. आणि इथेच सगळी गोची आहे, कारण माउंटचा अक्ष ध्रुवाकडे रोखायचा असतो (पोलर अलाइनमेंट). आपल्याकडे ध्रुवतारा १८ अंशांवर, म्हणजे मुळात टेकलेलाच, तो नेमका डोंगराआड जातो. यूट्यूबवरचे सगळे व्हिडिओ युरोप-अमेरिकेतले, त्यांचा ध्रुव मस्त ४०-५० अंशांवर, "पोलर स्कोपमधून बघा आणि झालं" म्हणतात. इथे बघू काय, करवंदाची जाळी? वर माउंट एवढा खाली वाकवला की वजनाचा दांडा फिरताना ट्रायपॉडच्या पायाला अडतो ते वेगळंच. म्हणून सध्या मोबाईलच्या कंपासवर उत्तर धरतो आणि अक्षांशाच्या काट्यावर साडेअठरा लावतो.

६० सेकंदांच्या फ्रेम, आयएसओ ८००, तासाभराचा डेटा, डार्क (झाकण लावून काढलेल्या फ्रेम) घेतलेत, डीपस्कायस्टॅकरमध्ये स्टॅक. फोकस बाहतिनोव्ह मास्कने केलाय, कोलिमेशन (आरशांची जुळणी) पण तपासलंय, त्यामुळे कृपया ते सांगू नका. स्टॅक ताणला की दोन गाभे स्पष्ट दिसतात, मोठी दीर्घिका आणि तिला चिकटलेली एनजीसी ५१९५, पण भुजा म्हणाल तर आहेत असं आपणच आपल्याला समजवायचं. सगळ्या बॅकग्राउंडवर तिरक्या रेघा, लाल-हिरवट, पावसाच्या सरी पडल्यासारख्या, सगळ्या एकाच दिशेला. आणि ३० सेकंदांच्या वर गेलं की तारे लांबट, काही फ्रेममध्ये जास्त काहीत कमी.

तर विचारायचं असं की या रेघा कुठून येतात, डार्क घेऊनही का जात नाहीत, ध्रुव न दिसता पोलर अलाइनमेंट कशी करायची, आणि पुढचा पैसा कशात घालू. कोमा करेक्टर (कोपऱ्यातले तारे सुधारणारी लेन्स) घेऊ का गायडर? एक मित्र म्हणतो सगळं विकून टाक आणि सीस्टार (आपोआप चालणारी छोटी दुर्बीण) घे, मोबाईलवर बटण दाबायचं आणि चहा पीत बसायचं. ऐकून जीव जळतो पण त्याचे फोटो माझ्यापेक्षा बरे येतात हेही खरंय. पावसाळ्याआधी दोनच अमावस्या उरल्यात, त्यामुळे जरा लवकर सांगा.

प्रतिसाद १

रेघांचं आधी सांगतो. याला वॉकिंग नॉइज म्हणतात. तुमची अलाइनमेंट ढिली असल्याने प्रत्येक फ्रेममध्ये दीर्घिका थोडी थोडी एकाच बाजूला सरकते, सॉफ्टवेअर तारे जुळवून घेतं, पण सेन्सरवरचे खराब पिक्सेल आणि ठरलेला पॅटर्न जागेवरच असतो ना, तो मग उलट दिशेने फरफटत जातो आणि त्याची रेघ उमटते. डार्कने कमी होतं, जात नाही, त्यात एप्रिलच्या उकाड्यात सेन्सरचं तापमान रात्रभर बदलत राहतं, दर सहाएक अंशांना डार्क करंट दुप्पट, त्यामुळे संध्याकाळचे डार्क पहाटेच्या फ्रेमला लागू पडत नाहीत.

उपाय फुकट आहे. दर चार-पाच फ्रेमनंतर डेकची (उत्तर-दक्षिण हलणाऱ्या अक्षाची) नॉब जराशी फिरवा, एकदा इकडे एकदा तिकडे, कधी आरए पण हलवा, काही नियम पाळू नका. फिरवल्यावर चार-पाच सेकंद थांबून मगच पुढची फ्रेम. स्टॅक करताना सिग्मा क्लिपिंग (सरासरीपासून फटकून असलेले पिक्सेल वगळणं) लावा. बहुतेक रेघा गायब होतील.

प्रतिसाद २

कंपासवर उत्तर धरणं वाईट नाही, आपल्याकडे चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यात एक अंशाचाही फरक नसतो, पण मोबाईल लोखंडी माउंटला टेकवून बघत असाल तर तो काहीही दाखवेल. आणि नीट धरलं तरी एक अंशाची चूक राहतेच. आता हिशोब करा, तुमच्या सेटअपला एक पिक्सेल म्हणजे साधारण १.२ आर्कसेकंद. अक्ष एक अंश चुकला तर मिनिटाला पंधराएक आर्कसेकंदांपर्यंत घसरण होऊ शकते, म्हणजे तेरा पिक्सेल! तारे लांबट नाही होणार तर काय. तीच चूक १० कलांवर (अंशाच्या सहाव्या भागावर) आणली की दोन पिक्सेल, मग ६० सेकंद आरामात.

त्यासाठी ध्रुव लागतच नाही, ड्रिफ्ट अलाइनमेंट (ताऱ्याची घसरण बघून अक्ष बसवणं) करा. एप्रिलच्या मध्याला साडेआठच्या सुमारास वासुकीतला अल्फार्ड मध्यमंडलावर (डोक्यावरून जाणाऱ्या उत्तर-दक्षिण रेषेवर) असतो. तो लाइव्ह व्ह्यूमध्ये मोठा करून मधोमध धरा, मोटर चालू ठेवा. तारा दक्षिणेकडे घसरला तर अक्ष पूर्वेला गेलाय, उत्तरेकडे घसरला तर पश्चिमेला. ते बसलं की चित्रा घ्या, ती तेव्हा पूर्वेला पंचवीसेक अंशांवर असते. ती दक्षिणेला घसरली तर अक्ष खाली आहे, उत्तरेला गेली तर वर. पहिल्यांदा तास जाईल, मग वीस मिनिटांत होतं. शेतावर लॅपटॉप नेत असाल तर निना हे सॉफ्टवेअर टाका, त्यातलं थ्री पॉइंट पोलर अलाइनमेंट आकाशात कुठेही चालतं.

दांडा अडतो त्यावर: ट्रायपॉडचा एक पाय उत्तरेला येत असेल तर बघा, माउंटची मांडणी फिरवून दांड्याला दोन पायांच्या मधली जागा मिळते का ते. नाहीतर माउंट आणि ट्रायपॉडमध्ये पिअर एक्स्टेन्शन (उंची वाढवणारा खांब).

प्रतिसाद ३

काही फ्रेममध्ये जास्त काहीत कमी म्हणताय म्हणजे नुसती अलाइनमेंट नाही, गिअरची पिरियॉडिक एरर (दर फेऱ्याला परत येणारी चूक) पण आहे. ईक्यू५ च्या वर्मचा (मळसूत्री गिअरचा) फेरा साधारण दहा मिनिटांचा. ओळखायचं कसं? तारा फ्रेममध्ये घ्या, दोन सेकंद मोटर बंद करा, तो जिकडे पळेल ती आरएची दिशा. लांबटपणा त्याच दिशेत असेल तर गिअर, आडवा असेल तर अलाइनमेंट.

सीस्टारचं म्हणाल तर एस५० ची फोकल लेंथ २५० मिमी, त्यात एम ५१ साधारण पावणेतीनशे पिक्सेलची येते. तुमच्यात तीच साडेपाचशेची. आणि आरसा १५० मिमीचा विरुद्ध ५० मिमीची लेन्स, नऊपट प्रकाश. विकू नका. कोमा करेक्टर पण आत्ता नको, दीर्घिका मधोमध आहे, कोपऱ्यातले तारे धूमकेतू झाले तर क्रॉप करा. पैसे डेकची मोटर आणि गायडरमध्ये घाला. कॅमेरा मॉडिफाय नसल्याने भुजांमधले गुलाबी ठिपके फिके येतील, बाकी दीर्घिकेला फरक पडत नाही.

मूळ प्रश्नकर्ता

आभार सगळ्यांचे, मोबाईल माउंटवरच टेकवत होतो राव! एकच शंका, घरून पुण्यातनं जास्त तास काढून भरपाई होईल का? दर वेळी भोर जमत नाही.

प्रतिसाद ३

होईल पण परवडणार नाही. शहराचं आकाश १८ मॅग्निट्यूड आणि गावाचं २१ (आकडा मोठा तितकं आकाश काळं) धरलं तर बॅकग्राउंड सोळापट उजळ, तेवढ्याच भुजा काढायला साधारण तेवढेच पट तास. त्यात एलईडीच्या दिव्यांवर फिल्टर फारसा चालत नाही. पुण्यात ड्रिफ्टची प्रॅक्टिस करा, फोटो भोरलाच. आणि एम ५१ उत्तरेकडेच असते तुम्हाला, त्यामुळे पुण्याचा उजेड टाळायला ती ४५ अंशांच्या वर आल्याशिवाय शटर दाबू नका, मध्यमंडलावर ६० च्या वर जाते. अडलं तर पुण्यात टिळक स्मारकला ज्योतिर्विद्या परिसंस्थेत माउंट घेऊनच जा, १९४४ पासूनची संस्था आहे, कोणीतरी समोर बसवून दाखवेल.