कंपनीची संस्कृती महिनाअखेरीस कळते, असे मला का वाटते

गोदाकाठ (धागाकर्ता)

ग्राहकोपयोगी वस्तूंच्या धंद्यात मी नांदेड-परभणीच्या बाजारात सेल्स ऑफिसर म्हणून उतरलो आणि आज मुंबईच्या मुख्यालयात एका उत्पादनगटाचे मार्केटिंग सांभाळतो. नेतृत्व आणि कंपनीची संस्कृती या विषयावर आमच्या क्षेत्रात भाषणांना तोटा नाही. लोणावळ्याच्या रिसॉर्टवर दोन दिवस सचोटी, ग्राहक आणि सांघिक भावना यांवर चर्चा करून सगळे परत येतात, आणि त्याच आठवड्यात महिनाअखेर असेल तर त्यातले काहीही कुणाला आठवत नाही. कंपनीत खरोखर कोणत्या वागण्याला मान आहे हे पाहायचे असेल, तर महिन्याच्या शेवटच्या तीन दिवसांत एरिया सेल्स मॅनेजरच्या फोनवर काय बोलले जाते ते ऐकावे, असे माझे मत बनले आहे.

या व्यवसायाबाहेरच्या वाचकांसाठी थोडा खुलासा करतो. कंपनी वितरकाला माल विकते ती प्रायमरी विक्री, आणि वितरक दुकानदाराला विकतो ती सेकंडरी. कंपनीच्या हिशेबात विक्री जमा होते ती प्रायमरीच्या बिलावर, त्यामुळे दुकानातून एकही पुडा हलला नाही तरी वितरकाच्या नावावर बिल फाडले की टार्गेट पूर्ण झालेले दिसते. मग २९ तारखेपासून व्हॉट्सअ‍ॅपच्या गटावर दर दोन तासांनी तक्ता येऊ लागतो, मागे पडलेल्या एरियाची ओळ लाल असते, आणि झोनल मॅनेजर सगळ्यांच्या देखत एवढेच विचारतो, ‘लातूर, किती वाजता क्लोज करताय?’ वितरकाकडे आधीचाच महिनाभराचा माल पडून आहे, हे त्या प्रश्नाचे खरे उत्तर असते. पण ते त्या गटावर कुणी लिहिलेले माझ्या पाहण्यात नाही. संध्याकाळपर्यंत लाल ओळ हिरवी होते आणि अभिनंदनाच्या फुलांचा पाऊस पडतो.

हे केवळ आपल्याकडचे दुखणे आहे असे कुणी समजू नये. ब्रिस्टल-मायर्स स्क्विब या अमेरिकी औषध कंपनीने २००० आणि २००१ मध्ये तिमाहीच्या अखेरीस घाऊक वितरकांच्या गळ्यात गरजेपेक्षा कितीतरी जास्त माल मारला, असा आरोप तिथल्या रोखे बाजार नियामकाने ठेवला, आणि २००४ मध्ये कंपनीला १५ कोटी डॉलर भरून तडजोड करावी लागली. एवढ्या मोठ्या कंपनीत मूल्यांची पत्रके नसतील असे थोडेच आहे?

आता मार्केटिंगविषयी, कारण आमची जमात या प्रकरणात स्वतःला सोवळी समजते. माल ढकलतो सेल्स विभाग, आम्ही फक्त ब्रँड घडवतो, असा आमचा पवित्रा असतो. परंतु संचालक मंडळापुढे नव्या उत्पादनाचे सादरीकरण करताना पहिल्या तिमाहीचा फुगवलेला आकडा मांडतो तो मार्केटिंगचाच माणूस, आणि वितरकांची गोदामे भरली म्हणजे उत्पादन ‘लागले’ असा निर्वाळाही तोच देतो. सहा महिन्यांनी तोच माल मुदत संपून परत येऊ लागतो, तोपर्यंत या गृहस्थांची बढती होऊन ते दुसऱ्या ब्रँडवर गेलेले असतात. म्हणून माझा आग्रह असा की वरिष्ठांची कामगिरी सेकंडरी विक्रीवरच मोजावी, आणि ‘या महिन्यात होणार नाही’ असे १० तारखेलाच सांगणाऱ्या माणसाला चारचौघांत अपमान सोसावा लागू नये याची हमी सर्वांत वरच्या माणसाने द्यावी.

पंचगंगा

मी रीजनल सेल्स मॅनेजर आहे, त्यामुळे धागाकर्त्यांनी ज्यांना खलनायक केले आहे त्यांच्या बाजूने लिहिणे भाग आहे.

महिनाअखेरचा ताण कंपनीच निर्माण करते हे म्हणणे अर्धेच खरे आहे. स्कीम, म्हणजे कंपनीची सवलत, जाहीर होईल या आशेने २५ तारखेपर्यंत ऑर्डर दाबून ठेवणारे वितरक मी रोज पाहतो, आणि त्यांची ही सवय माहीत असल्यामुळेच शेवटच्या आठवड्यात आम्हाला मागे लागावे लागते. दबाव काढून टाकला तर बाजार सुरळीत चालेल, ही कल्पना मुख्यालयातल्या वातानुकूलित खोलीत बसून सुचणारी आहे. स्पर्धक कंपनीचा माणूस त्याच वितरकाचे भांडवल अडकवायला टपलेला असतो. त्याचा पैसा आमच्या मालात गुंतला नाही तर दुसऱ्याच्या मालात गुंततो, आणि दुकानातली फळीसुद्धा मग त्याच मालाला मिळते.

दुसरे असे की सेकंडरी म्हणजे गंगाजल आहे असा धागाकर्त्यांचा समज दिसतो. सेकंडरीचे आकडे वितरकाच्याच सॉफ्टवेअरमधून येतात. ज्या दिवशी इन्सेंटिव्ह सेकंडरीवर बांधला जातो त्या दिवसापासून बंद पडलेल्या दुकानांच्या नावाने बिले निघू लागतात, एकाच मोठ्या होलसेलरचा माल पन्नास छोट्या किराणा दुकानांत वाटलेला दाखवला जातो, आणि पुढच्या महिन्याच्या ५ तारखेला त्याच बिलांची क्रेडिट नोट पडते, म्हणजे ती बिले उलटवली जातात. मोजपट्टी बदलल्याने वागणूक बदलत नाही, लपण्याची जागा बदलते.

आणि ‘१० तारखेलाच नाही म्हणणारा माणूस’ हा प्रकारही मला चांगला ठाऊक आहे. दर महिन्याच्या १० तारखेला नाही म्हणणारे दोघे-तिघे प्रत्येक टीममध्ये असतात. त्यांना संरक्षण दिले तर राबणाऱ्यांनी काय करावे?

गंजगोलाई

धाग्यात लातूरचे नाव आले म्हणून लिहितो. आमची वितरणाची पेढी आहे आणि ज्या गोदामाविषयी दोन्ही साहेब बोलत आहेत ते आमचे आहे.

३१ तारखेला फाडलेल्या बिलाचा माल बहुतेक वेळा सीएफएच्या (कंपनीचा माल साठवून पुढे पाठवणाऱ्या एजंटच्या) गोदामातून निघतो तो पुढच्या महिन्याच्या ३-४ तारखेला. म्हणजे आमच्या खात्यातून पैसे गेलेले असतात आणि माल आलेला नसतो. तो आल्यावर दुकानदार उधारीवर उचलतो, त्याची वसुली तीन आठवड्यांवर जाते, आणि त्या काळात बँकेच्या कॅश क्रेडिटवरचे व्याज चार-पाच टक्क्यांच्या मार्जिनमधून आम्हीच भरतो. पंचगंगा साहेब म्हणतात की आम्ही स्कीमसाठी ऑर्डर दाबून ठेवतो. बरोबर आहे, ठेवतो. दर महिन्याच्या २६ तारखेला स्कीम सुटणारच हे कंपनीनेच आम्हाला शिकवले आहे, मग १२ तारखेला पूर्ण भावाने माल घेण्याचा शहाणपणा कोणता वितरक करील?

मात्र धागाकर्त्यांशीही मी पूर्ण सहमत नाही. त्यांची सगळी चर्चा कंपनीच्या आतल्या माणसांच्या मानापमानाची आहे. आम्ही कंपनीला ओळखतो ते तिच्या क्लेमवरून. स्कीमची रक्कम आम्ही आधी दुकानदाराला देतो आणि मग कंपनीकडे मागतो. खराब आणि मुदत संपलेल्या मालाचेही तसेच. तो क्लेम मंजूर व्हायला कधी चार महिने लागतात, कधी सही करणारा अधिकारीच बदलून जातो, आणि नवीन साहेब सांगतात की तोंडी कबूल केलेल्या गोष्टींना माझ्याकडे कागद नाही. बिल मिनिटात होते आणि क्लेमला चार महिने लागतात, एवढ्यावरून आम्हाला त्या कंपनीची संस्कृती कळते. ऑनलाइन घाऊक कंपन्यांना आमच्यापेक्षा कमी भावात माल मिळतो म्हणून २०२२ च्या सुरुवातीला महाराष्ट्रातल्या वितरकांनी काही बड्या कंपन्यांच्या निवडक मालाची विक्री थांबवली होती. तेव्हा बोलणी करायला बरीच वरची माणसे आली. एरवी ती आमच्या गोदामात दिसत नाहीत.

ताळेबंद

मी अंतर्गत लेखापरीक्षणात काम करतो. वरची चर्चा वाचून असे वाटले की तिन्ही सदस्य स्वभावांविषयी बोलत आहेत: चांगला नेता, कामचुकार माणूस, बेफिकीर साहेब. माझ्या मते प्रश्न स्वभावाचा नसून वेतनरचनेचा आहे.

अमेरिकेतल्या वेल्स फार्गो बँकेचे प्रकरण यासाठी पाहण्यासारखे आहे. प्रत्येक ग्राहकाला बँकेची आठ उत्पादने विकायची असे तिथे ध्येय होते आणि शाखांवर रोजचा कोटा होता. कोटा पूर्ण करण्यासाठी कर्मचाऱ्यांनी ग्राहकांच्या नकळत लाखो खाती उघडली. सप्टेंबर २०१६ मध्ये बँकेला १८.५ कोटी डॉलरचा दंड झाला, आणि त्यापूर्वीच्या काही वर्षांत सुमारे ५,३०० कर्मचाऱ्यांना याच कारणाने काढून टाकले होते हे तेव्हा उघड झाले. विशेष म्हणजे, लॉस एंजेलिसच्या एका वृत्तपत्राने २०१३ मध्येच हा दबाव छापून आणला होता. त्या बँकेच्या मूल्यांची पुस्तिका अतिशय सुंदर होती, आणि तिचे प्रमुख ती मनापासून मानत असतीलही. तरीही ५,३०० माणसे एकाच पद्धतीने चुकत असतील तर ती वाईट माणसे एकत्र जमली असे मानायचे, की त्यांना पगार कशाचा मिळतो ते तपासायचे?

धागाकर्ते म्हणतात की सर्वांत वरच्या माणसाने हमी द्यावी. तोंडी हमीला माझ्या लेखी किंमत नाही. एरिया मॅनेजरच्या उत्पन्नातला मोठा वाटा महिन्याच्या आकड्यावर अवलंबून असेल, तर त्याच्या घराचा हप्ता त्या हमीपेक्षा मोठ्याने बोलतो.

वारणाकाठ

ताळेबंद यांचे म्हणणे बिनतोड वाटते, पण त्यातून नेतृत्व अजिबात वगळणे मला पटत नाही. अमूलच्या जाहिरातींचे उदाहरण घ्या. १९६६ मध्ये सिल्व्हेस्टर डाकुन्हा यांच्याकडे अमूल लोण्याचे काम आले, आणि ताज्या घडामोडींवर फलक वेळेत लागावेत म्हणून ते मंजुरीशिवाय प्रसिद्ध करण्याची मोकळीक अमूलचे प्रमुख डॉ. कुरियन यांनी या जाहिरातकाराला दिली. मार्केटिंगमध्ये काम केलेल्या कुणालाही यातले धाडस कळेल. आमच्याकडे दिवाळीच्या शुभेच्छांची साधी पोस्ट पाच जणांच्या मेलमधून फिरून येते आणि तोवर भाऊबीज उलटून जाते. या मोकळिकीसाठी कोणताही इन्सेंटिव्ह आखलेला नव्हता. एका माणसाने आपला अधिकार सोडला आणि त्यावर दशकानुदशके चालणारी मोहीम उभी राहिली. संस्कृती मोजायची असेल तर वरचा माणूस कोणता अधिकार खाली सोडतो हे पाहावे, महिनाअखेरची लाल ओळ हा फारच छोटा कोपरा आहे.

पंचगंगा

वारणाकाठ, कुरियन यांचे उदाहरण दिलेत म्हणून विचारतो. ते किती लोकशाहीवादी होते हे त्यांच्याबरोबर काम केलेल्यांना विचारावे लागेल; जरबेचा माणूस अशीच त्यांची ख्याती होती, आणि २००६ मध्ये अमूलच्या विपणन महासंघाचे अध्यक्षपद सोडले तेही मतभेदांमुळेच. जाहिरातीत मोकळीक आणि बाकी सगळीकडे पक्की पकड, असे ते नेतृत्व होते. मला ते आवडते, पण मग धागाकर्त्यांनी रंगवलेल्या मवाळ साहेबाशी त्याचा काय संबंध?

गोदाकाठ (धागाकर्ता)

मी मवाळ साहेब मागितलेला नाही. जरब असावी, पण ती खोटा आकडा सांगणाऱ्याला वाटावी. आज ती खरा आकडा सांगणाऱ्याला वाटते, एवढाच माझा वाद आहे.

सेकंडरीचे आकडेही फुगवता येतात, हा पंचगंगा यांचा मुद्दा मान्य. म्हणून सूचना अधिक नेमकी करतो. नव्या उत्पादनाच्या बाबतीत पहिले बिल मोजूच नये. त्याच दुकानाने दुसऱ्यांदा आणि तिसऱ्यांदा माल मागवला तरच ती विक्री मार्केटिंग प्रमुखाच्या खात्यावर धरावी, आणि मुदत संपून परत आलेला माल, तो माणूस दुसऱ्या ब्रँडवर गेला असला तरी, त्याच्याच नावावर वर्षभर वजा व्हावा. हा वेतनरचनेतला बदल आहे, त्यामुळे ताळेबंद यांची हरकत नसावी. पण तो बदल करण्याचा निर्णय सर्वांत वरचा माणूसच घेऊ शकतो, कारण त्याने पहिल्या वर्षी विक्रीचा आकडा खाली येतो आणि तो भागधारकांना समजावून सांगावा लागतो.

वाईट बातमीविषयीही एक उदाहरण देतो. ऑक्टोबर २००३ मध्ये, दिवाळी तोंडावर असताना, मुंबईत कॅडबरीच्या डेअरी मिल्कमध्ये अळ्या सापडल्या आणि महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने दखल घेतली. माल दुकानात नीट साठवला जात नाही, असे कंपनीने सुरुवातीला सांगितले, आणि ते काही अंशी खरेही असेल. पण दुकानदार चॉकलेट धान्याच्या पोत्याशेजारी ठेवतो हे बीटवर, म्हणजे ठरलेल्या दुकानांच्या फेरीवर, फिरणाऱ्या सेल्समनला नेहमीच दिसत असते. ती साधी माहिती, फलाण्या दुकानात किती डझन गेले याच्या जोडीला, वर पाठवण्यासाठी आपल्या रिपोर्टमध्ये रकाना असतो का? पुढे कंपनीने दुकानदारांना साठवणुकीचे मार्गदर्शन केले आणि २००४ च्या सुरुवातीला जास्त खर्चाचे, पूर्ण बंद वेष्टन बाजारात आणले. ग्राहकाचा विश्वास त्यानंतर परत आला आणि त्याचे श्रेय तेव्हाच्या नेतृत्वाला दिलेच पाहिजे. माझा रोख त्या रिपोर्टमधल्या रकान्यावर आहे, आणि तो माझ्या सध्याच्या कंपनीतही नाही.

ताळेबंद

दुसऱ्या-तिसऱ्या ऑर्डरवर मोजण्याची सूचना तपासणीच्या दृष्टीने चांगली आहे, कारण खोटे दुकान सलग तीनदा जगवणे अवघड जाते. परत आलेला माल जुन्या प्रमुखाच्या नावावर टाकायला मात्र मनुष्यबळ विभाग तयार होणार नाही. बदलीनंतरची जबाबदारी कुठल्याच करारपत्रात लिहिलेली नसते.

गंजगोलाई

परत आलेला माल कुणाच्या नावावर टाकायचा हे आपण मुख्यालयात ठरवा, गोदाकाठ साहेब, पण आधी तो परत तर घ्या. माझ्या गोदामात मागच्या उन्हाळ्यातल्या नव्या सरबताची खोकी अजून आहेत. ते उत्पादन बंद झाले, त्याचे कोड कंपनीच्या सॉफ्टवेअरमधून निघाले, आणि कोड नसल्यामुळे आता क्लेमचा अर्जच भरता येत नाही. आपल्या नव्या पद्धतीत हा माल वजा कसा दिसणार?