‘सुंदर ते ध्यान’ मधलं ध्यान कोणतं?

प्रश्न : माझ्या आठ वर्षांच्या लेकीने काल विचारलं, ‘विठोबा विटेवर उभा राहून ध्यान करतो का?’ शाळेत डोळे मिटून ‘ध्यानाला’ बसवतात आणि घरी ‘सुंदर ते ध्यान उभे विटेवरी’ म्हणतो. दोन्हीकडे एकच शब्द आहे का?

प्रतिसाद १ : शब्द एकच. धातू ‘ध्यै’, म्हणजे चिंतन करणे. पूजेआधी देवाचं रूप मनात उभं करण्यासाठी जो श्लोक म्हणतात, तो ध्यानश्लोक. ‘शांताकारं भुजगशयनं’ हा त्यातलाच. ज्या रूपाचं ध्यान करायचं त्या रूपालाच मग मराठीत ‘ध्यान’ म्हणू लागले. चिखलात लोळून आलेल्या पोराला आई ‘काय हे ध्यान!’ म्हणते, तेही याच वाटेने आलेलं. मला हे फार मोलाचं वाटतं, कारण बघणं आणि जे दिसतं ते, दोन्हींना इथे एकच नाव आहे. तुकोबांचा अभंग सावकाश म्हणून पाहा. आधी कटीवरचे कर, मग गळ्यातला तुळशीहार, कासेचा पीतांबर, कानातली मकरकुंडलं, कंठीचा कौस्तुभ. नजर एकेका जागी टेकत जाते, आणि मूर्ती समोर नसतानाही उभी राहते.

प्रतिसाद २ : ‘ध्यान’ाच्या जवळचा वाटणारा ‘लक्ष’ हा शब्द वेगळा. तो मूळ ‘लक्ष्य’, म्हणजे नेम धरायची खूण, म्हणून लक्ष ‘वेधलं’ जातं. जाहिरात लक्ष वेधते, ध्यान वेधत नाही. ‘अवधान’ तर बोलण्यातून जवळजवळ गेलंच, उरलं ते ‘अनवधानाने चूक झाली’ एवढ्यापुरतं. ज्ञानेश्वरीच्या नवव्या अध्यायाची सुरुवातच श्रोत्यांकडे अवधान मागून होते, ‘तरी अवधान एकवेळें दीजे’. अवधान ‘द्यायचं’ असतं, हे क्रियापद विसरू नका.

प्रतिसाद ३ : ‘ध्यानात ठेव’ राहिलं! इथे ध्यान म्हणजे आठवण. पालीतला ‘सति’, म्हणजे सजगता, हा शब्दही संस्कृत ‘स्मृति’च. इगतपुरीच्या धम्मगिरीवर मी दहा दिवसांचं विपश्यना शिबिर केलं, तेव्हा ही जोडी उलगडली. पहिले तीन दिवस आनापान, म्हणजे नैसर्गिक श्वास येता-जाता फक्त जाणायचा. जागा नाकपुड्या आणि वरच्या ओठावरचा भाग, एवढीच. पहिल्या दिवशी मला तिथे काहीही जाणवेना. मन घरच्या गॅसबिलापाशी जायचं, बऱ्याच वेळाने ‘अरे, श्वास!’ असं आठवायचं, मग परत यायचं. तिसऱ्या दिवशी आत जाणारा श्वास गार आणि बाहेर येणारा किंचित कोमट, हे स्वच्छ कळलं. उजव्या नाकपुडीतून जास्त वाहतोय, हेसुद्धा. श्वास आधीही तसाच चालू होता. तेव्हापासून ‘मन एकाग्र करा’ यापेक्षा ‘ध्यानात असू दे’ हे आजीचं वाक्य मला जास्त अचूक वाटतं. मन जाणारच, आठवणीने परत यायचं.

प्रश्नकर्ती : सगळ्यांचे मनापासून आभार. आज संध्याकाळी लेकीला अभंग एकेका ओळीवर थांबत म्हणायला लावला. ‘मकरकुंडलं’ आल्यावर ती उठली, देवघरातल्या तसबिरीपाशी गेली आणि ओरडली, ‘आई, याच्या कानात मासे आहेत!’ लग्नापासून मी त्या तसबिरीला रोज हार घालते. मासे मला आज दिसले.