बारा तासांच्या पाळीच्या कागदावर यांनी सही करावी का?

मांजलपूरची सून:
यांच्या वडोदऱ्यातल्या मकरपुऱ्याच्या कारखान्यात संमतीचा कागद फिरतोय. रोज बारा तास, आठवड्याला चार दिवस काम, तीन दिवस भरपगारी सुट्टी. सकाळी सातला जाणार, घरी यायला पावणेआठ. मुलगी चौथीत आहे, तिचं गणित हेच घेतात, कारण संध्याकाळी माझ्या शिकवण्या असतात. सासऱ्यांना रात्रीच्या जेवणाआधी इन्सुलिनही हेच टोचतात. माझा हात धजत नाही. तीन सुट्ट्या सलग मिळतील असं कोणी लिहून देत नाही. नाही म्हटलं तर यांना काढतील का, ही धास्ती आहेच.

निवृत्त फिटर, गोरवा:
ताई, १९४८ च्या कारखाना कायद्यात दिवसाचे नऊ तास आणि आठवड्याचे ४८ होते. गुजरात सरकारने जुलै २०२५ मध्ये वटहुकूम काढून नवाचे बारा केले, सप्टेंबरमध्ये विधानसभेत विधेयकही मंजूर झालं. ४८ कायम आहेत. कामगाराची लेखी संमती लागते, म्हणून तर कागद फिरतोय. पण तिमाहीच्या ओव्हरटाइमची मर्यादा ७५ तासांवरून १२५ वर नेलीय, गोम तिथे आहे. सुट्टीतला एक दिवस 'अर्जंट ऑर्डर' खाणार. एप्रिल २०२० मध्येही बारा तास केले होते आणि ओव्हरटाइमचा दुप्पट दर काढून घेतला होता. सुप्रीम कोर्टाने १ ऑक्टोबरला ती अधिसूचना रद्द केली. ते दिवस मी खात्यात काढलेत, अजून चीड येते.

वाघोडिया रोड:
आमच्याकडे बारा तास आधीपासूनच आहेत, कागदावर नव्हते एवढंच. सुट्टीचा पहिला दिवस माणूस नुसता झोपून काढतो. धाकटा बाबांशी बोलायचं ते मला सांगून ठेवतो.

जळगावचा, सध्या तरसाली:
मी सही करणार. आई गावी एकटी असते. तीन दिवस सलग मिळाले तर सुरतेवरून गाडीने जाऊन तिला डॉक्टरकडे नेता येईल. रविवारच्या एका सुट्टीत ते जमत नाही.

मांजलपूरची सून:
भाऊ, तुमचं बरोबर आहे, ज्याच्या घरची गरज तशी. आमची गरज रोज संध्याकाळची आहे.

निवृत्त फिटर, गोरवा:
मग तुमच्या यजमानांनी एकट्याने नकार देऊ नये. खात्यातले ज्यांना नको आहे त्यांनी मिळून लेखी द्यावं आणि पोच घ्यावी. जे सही करतील त्यांनी सुट्ट्या सलग आणि वार ठरलेले, एवढं कागदावर घालून घ्यावं.