आधी कौलं, मग कार्यक्रम: वाड्यातल्या संग्रहालयाच्या वर्षाबद्दल ग्रुपवरची चर्चा

ए-१०२ (सचिव): सर्वांना नमस्कार. आपल्या सोसायटीच्या मागच्या वाड्यातल्या संग्रहालयाच्या विश्वस्तांनी पाडव्यापासूनच्या वर्षाचा कच्चा आराखडा पाठवलाय आणि आपल्या सूचना मागितल्यात. त्यांचा क्रम असा: १८ एप्रिलला जागतिक वारसा दिनी माडीवरच्या नव्या दालनाचं उद्घाटन, मे महिन्यात मुलांचं शिबिर, जुलैत पानशेतच्या पुराचं प्रदर्शन, पावसाळ्यात गर्दी कमी असते म्हणून तेव्हा भिंतींचा गिलावा, दिवाळीत किल्ले, आणि पैसे उरले तर पुढच्या वर्षी छप्पर. या कामातली माणसं आपल्यात आहेत, कृपया सविस्तर लिहा.

बी-३०४: काका, छप्पर शेवटी ठेवून चालणारच नाही. माडीवरचं दालन थेट कौलांखाली आहे. एप्रिलमध्ये उद्घाटन केलं तर जूनच्या पहिल्या सरीला सगळ्या वस्तू खाली उतरवाव्या लागतील. एप्रिल-मेमध्ये कौलं चाळून घ्यायची, म्हणजे उतरवून, फुटकी बदलून पुन्हा बसवायची. उतरवताना दहातलं एखादं कौल फुटतंच, त्यामुळे त्याच मापाची जुनी मंगलोरी कौलं १० टक्के जास्त आणून ठेवा. नव्या साच्याची कौलं जुन्या खाचेत बसत नाहीत आणि गळती बहुतेक वेळा त्याच सांध्यातून होते.

बी-३०४: कौलं काढली की वासे आणि रिपा उघड्या पडतात, तेव्हाच वाळवी तपासायची. तुळईचं भिंतीत शिरलेलं टोक आधी बघा. मधला भाग खणखणीत असतो आणि टोक आतून पोकळ. स्क्रू ड्रायव्हर दाबला आणि तो सहज आत गेला तर तेवढा भाग कापून सागाचा जोड द्यावा लागेल. नुसतं औषध मारून भागणार नाही.

डी-५०२: ताई, काम झाल्यावर पावसाची वाट न बघता तपासणी करता येईल ना?

बी-३०४: करायलाच हवी, सर. मेच्या तिसऱ्या आठवड्यात पाइपने पाणी सोडायचं. सुरुवात वळचणीपासून, एकेका पट्ट्यावर १५ मिनिटं, मग वर सरकायचं. आढ्यापासून सुरू केलं तर पाणी खालपर्यंत ओघळतं आणि नेमकं कुठून शिरलं ते कळत नाही. दोन उतार मिळतात तिथल्या पन्हळीत पानं आणि कबुतरांची घाण साचते. ती पन्हळ रुंद हवी, आणि पावसाळ्यात दर आठवड्याला साफ व्हायला हवी.

ए-४०१: गिलाव्याचं काय? खालच्या दालनात चार फुटांपर्यंत सिमेंट आहे. ते मजबूत असूनही त्याच्या वर पोपडे कशामुळे येतायत?

बी-३०४: दादा, सिमेंटमुळेच. जुनी भिंत विटा आणि चुन्याची आहे. जोत्यातून वर चढणारी ओल पूर्वी चुन्याच्या गिलाव्यातून बाहेर पडायची. सिमेंटने ती वाट बंद केली, म्हणून ती सिमेंटच्या वरच्या कडेपर्यंत चढते आणि तिथे बाहेर पडते. पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात. तोच तो पांढरा लोणा. त्यावर आणखी दोन फूट सिमेंट चढवलं तर ओल सहा फुटांवर जाईल, आणि तिथे तर पगड्यांची कपाटं आहेत.

बी-३०४: उपाय सांगते. सिमेंट छिन्नी-हातोडीने हळू काढायचं. ब्रेकर लावायचा नाही, विटा हलतात. सांधे २० ते २५ मिलिमीटर खोल उकरायचे. लोणा कोरड्या ब्रशने झाडून घ्यायचा. पाण्याने धुतला तर क्षार विरघळून पुन्हा भिंतीत जातात. नंतर भिंत काही आठवडे उघडी ठेवायची आणि वर येईल तो लोणा झाडत राहायचं. गिलाव्याला एक भाग मुरवलेला चुना, एक भाग सुरखी (भाजलेल्या विटांची पूड), दोन भाग धुतलेली वाळू. खालची भिंत ओलसर आहे, तिथे सुरखी हवीच, कारण तिच्यामुळे चुना ओलीतही घट्ट होतो. थर १० ते १२ मिलिमीटरचे, दोन. प्रत्येक थरावर किमान आठवडाभर ओली गोणपाटं.

सी-२०१: आणि हे पावसाळ्यात नको, बरोबर?

बी-३०४: नको, काकू. वरचा चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढून घेऊन कठीण होतो. भिंतीची छिद्रं पाण्याने भरलेली असली तर हवा आत शिरत नाही आणि गिलावा महिनोन्‌महिने मऊ राहतो. मेच्या उन्हात उलट होतं, पाणी आधीच उडतं आणि हात लावला की पूड पडते. पुण्यात ऑक्टोबर ते फेब्रुवारी हेच दिवस. पावसाळ्यात करायचं काम म्हणजे चुना मुरवणं.

बी-३०४: ओलीची भिंत ४०० चौरस फूट आणि जाडी २० मिलिमीटर धरली तर साधारण २५० लिटर मुरवलेला चुना लागेल. म्हणजे २०० लिटरची दोन पिंपं. चुनकळी जुलैत घ्या आणि लोखंडी टाकीत विझवा, प्लॅस्टिकमध्ये नाही, उष्णतेने पिंप वितळतं. आधी पाणी घ्यायचं आणि त्यात चुनकळी थोडी थोडी टाकायची. चुनकळीवर पाणी ओतलं तर उसळून अंगावर येतं. डोळ्यांना चष्मा, हातात रबरी मोजे. गार झाल्यावर चाळून पिंपांत भरा आणि वर चार बोटं पाणी ठेवा. महिना तरी मुरायला हवा, तीन महिने मिळाले तर फार उत्तम. वरून रंग चुन्याचाच द्या. ऑइलपेंट किंवा प्लॅस्टिक रंग लावला तर भिंत परत कोंडली.

ए-१०२ (सचिव): वर्षभर पूर्ण बंद ठेवून सगळं एकदम करावं, असंही एका विश्वस्तांचं मत आहे. भायखळ्याच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयाचं उदाहरण ते देतात.

डी-५०२: ते काम फार मोठं होतं, काका. २००३ मध्ये महापालिका, वारसा जतन करणारी इन्टॅक ही संस्था आणि जमनालाल बजाज फाउंडेशन यांचा करार झाला आणि २००८ मध्ये संग्रहालय पुन्हा उघडलं. युनेस्कोचा वारसा-जतन पुरस्कारही त्या कामाला मिळाला. आपल्याकडे तेवढा निधी नाही, आणि पाच वर्षं दार बंद राहिलं तर पेठेतली माणसं वस्तू आणून द्यायची सवय मोडतील. अर्धा वाडा चालू, अर्धा कामात, असंच करावं. चौक तर कायम उघडा ठेवता येईल.

बी-३०४: मान्य. फक्त आधी एक बघा, वाडा महापालिकेच्या वारसा यादीत कुठल्या श्रेणीत आहे. श्रेणी असेल तर कौलं उतरवण्यापूर्वी वारसा समितीची परवानगी लागेल. तो अर्ज याच आठवड्यात गेला पाहिजे.

सी-२०१: आता कागदांबद्दल. छपराचं काम सुरू होण्याआधी मोडी कागदांचे रुमाल (कापडात बांधलेले गठ्ठे) माडीवरून खाली आणा, पण ओलीच्या भिंतीपासून दोन फूट दूर आणि जमिनीपासून सहा इंच वर ठेवा. मोडीची जुनी शाई बहुतेक काजळीची. ती उन्हाने उडत नाही, म्हणून लोकांना वाटतं की ती पक्की आहे. पण काजळी कागदावर धरून ठेवतो तो डिंक, आणि पाणी लागलं की डिंक सुटून अक्षर पसरतं. भिजलेला कागद ४८ तासांत बुरशी धरतो. एकदम खूप कागद भिजले तर टिपकागदात गुंडाळून, पिशवीत घालून डीप फ्रीजरमध्ये ठेवा आणि थोडे थोडे काढून वाळवा. पंखा भिंतीकडे तोंड करून लावायचा, कागदांवर नाही.

सी-२०१: आत्ता वापरात असलेलं लाल कापड बदलायला हवं. ओल लागली की त्याचा रंग कागदावर उतरतो. कोरं मांजरपाट घ्या आणि खळ पूर्ण जाईपर्यंत गरम पाण्याने धुवा. झुरळं आणि कसर खळीवरच येतात. डांबराच्या गोळ्या काढून टाका. वेखंडाची पुरचुंडी चालेल, मात्र कागदाला चिकटू देऊ नका. आणि फाटलेल्या कागदाला सेलोटेप किंवा लॅमिनेशन कुणी सुचवलं तर कृपया थांबवा.

ए-४०१: नव्या दालनात दिवे किती लावायचे? मागणी १२ स्पॉटलाइटची आहे.

सी-२०१: कापड आणि कागद यांच्यावर ५० लक्सपेक्षा जास्त नको (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक). लाकडी वस्तू आणि तैलचित्रांना २०० पर्यंत. दगड-धातूला प्रकाशाने फरक पडत नाही. उजेडाची हानी साठत जाते. ५० लक्स, रोज ८ तास, ३०० दिवस म्हणजे वर्षाला १,२०,००० लक्स-तास होतात. म्हणून शेला किंवा पैठणी तीन महिने मांडायची आणि मग आत ठेवून दुसरी काढायची. कपाटात सिलिका जेल ठेवाल तर नारिंगी रंगाचं घ्या. निळ्यात कोबाल्ट असतं, ते घातक.

ए-४०१: मग १२ ऐवजी ५ दिवे आणि माणूस आल्यावर लागणारे सेन्सर लावू. वायरिंग जुनं आहे, ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच) आणि प्रत्येक दालनाला वेगळं सर्किट देतो. कागदांजवळ कार्बन डायऑक्साइडचं अग्निशामक नळकांडं हवं. पावडरीचं फवारलं तर ती पूड धातूच्या वस्तू खाते.

डी-५०२: आता कार्यक्रम. १८ एप्रिलला उद्घाटनाऐवजी छपराचं काम बघायला बोलवा. चौकात उभं राहून कौलं, रिपा, वासे, तुळया हे सगळं उघडं दिसण्याची संधी पुन्हा बऱ्याच वर्षांत येणार नाही. माडीवर कार्यक्रम मात्र बंदच ठेवा. तुळयांची तपासणी होईपर्यंत एका वेळी वर दहापेक्षा जास्त माणसं नकोत.

डी-५०२: सगळ्यात मोलाचा कार्यक्रम मला जुलैचा वाटतो. १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं आणि पाठोपाठ खडकवासल्याचं. तेव्हा दहा-बारा वर्षांची असलेली मुलं आज पंचाहत्तरीच्या आसपास आहेत. प्रदर्शनाआधी जूनमध्येच त्यांच्या आठवणी ध्वनिमुद्रित करा. खोलीतला पंखा बंद, फोन विमान मोडवर, कॉलरला माइक. सुरुवातीला नाव, जन्मवर्ष, १९६१ मधला पत्ता आणि तारीख बोलून घ्यायची. एका बैठकीला ४० मिनिटं पुरेत. "पूर कसा होता?" असं विचारू नका. "पाणी तुमच्या जिन्याच्या कितव्या पायरीपर्यंत आलं?" असं विचारा. पायरी आजही जागेवर असेल तर तिची उंची मोजता येते आणि पेठेचा पाणीरेषेचा नकाशा तयार होतो.

सी-२०१: लोक फोटो आणतील. ६०० डीपीआयवर स्कॅन, टिफ फाइल, आणि मूळ फोटो पावती देऊन त्याच दिवशी परत. पुरात भिजलेला फोटो काचेला चिकटला असेल तर ओढायचा नाही, चित्राचा थर काचेवरच राहतो. काचेसकट स्कॅन करा.

ए-१०२ (सचिव): आपल्याकडच्या दोन-तीन घरांतून तांब्याची भांडी आणि जुनी कागदपत्रं द्यायची तयारी आहे. कशी द्यायची?

सी-२०१: आधी घासू नका. चिंच-मीठ किंवा भांडी घासायची पावडर लावली की तांब्यावर कोरलेली नावं झिजतात, आणि भांडं कुणाचं हे सांगणारी तीच एक खूण असते. दानपत्रावर वस्तू कायमची दिली की उसनी, हे स्पष्ट लिहा. मग नोंदवहीत क्रमांक: वर्ष, दात्याचा अनुक्रम, वस्तूचा अनुक्रम. कागदावर तो २बी पेन्सिलीने मागच्या कोपऱ्यात, कापडाला सुती फितीवर लिहून दोन टाके, धातूवर पॅरालॉइड बी-७२ या पारदर्शक, नंतर काढता येणाऱ्या लेपाच्या पातळ थरावर. स्टिकर कुठेच नाही.

डी-५०२: १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात शंभर वर्षांची वस्तू आणि पंचाहत्तर वर्षांचं हस्तलिखित येतं. काही प्रकारच्या पुरावस्तूंची, उदाहरणार्थ मूर्तींची, सरकारी नोंदणी लागते, तेव्हा देवघरातली जुनी मूर्ती देण्याआधी विचारा. आणि जोत्याजवळ उकरताना नाणी वगैरे सापडली तर १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. हे गवंड्यांना पहिल्याच दिवशी सांगून ठेवा.

ए-१०२ (सचिव): दिवाळीच्या किल्ल्यांचं? तेव्हा तर गिलावा चालू असेल.

बी-३०४: किल्ले चौकातच करा, काका, फक्त माती भिंतीला टेकवू नका. मातीची ओल थेट नव्या गिलाव्यात जाईल. भिंतीपासून तीन फूट जागा सोडा आणि खाली ताडपत्री घाला. माडीवरचं दालन १९ नोव्हेंबरला वारसा सप्ताह सुरू होतो तेव्हा उघडा. तोपर्यंत छपराने एक पूर्ण पावसाळा काढलेला असेल. खालचं दालन फेब्रुवारीअखेर.

डी-५०२: म्हणजे २७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिनी खालच्या दालनात मोडीचे कागद मांडता येतील. वर्ग डिसेंबरपासून दर रविवारी घेऊ. मुलांच्या हातात झेरॉक्सच द्यायच्या, मूळ कागद काचेत.

ए-१०२ (सचिव): हा क्रम आज विश्वस्तांना पाठवतो. वारसा समितीच्या अर्जाची चौकशी उद्याच करतो. लगेच काय हवंय?

सी-२०१: रुमालांसाठी मांजरपाट, ३६ इंच पन्ह्याचं, ४० मीटर. एका रुमालाला पाऊण-एक मीटर लागतं, आणि धुतल्यावर कापड आटतं म्हणून थोडं जास्त धरलंय. ज्यांच्याकडे वॉशिंग मशीन मोकळं आहे त्यांनी शनिवारपर्यंत कळवा. पावडर नको, नुसतं गरम पाणी, दोनदा.

ए-४०१: काकू, आमचं मशीन घ्या. दहा मीटर मी करतो.

बी-३०४: आमच्याकडेही दहा.